उपवासाची तयारी व आचरण

उपवास हा शब्द आमच्या मुखेड तालुक्यांत कोणासही नवा नाहीं. एकादशीस शेजारच्या घरीं भगर व शेंगदाण्याची आमटी शिजते. रमजानच्या महिन्यांत आमचे मुसलमान शेजारी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहींत. हें पाहून ख्रिस्ती घरांतील मुलें आम्हांस विचारतात, “गुरुजी, आपला उपवास कोणता?” प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देत आहों.

प्रभु येशूनें आपल्या सेवेच्या आरंभीं रानांत चाळीस दिवस उपवास केला. डोंगरावरील प्रवचनांत त्यानें दान, प्रार्थना व उपवास या तीन गोष्टी एकामागून एक घेतल्या, आणि तिन्ही लोकांना दाखविण्यासाठीं करूं नयेत असें शिकविलें. अंत्युखियाच्या मंडळीनें बर्णबा व शौल यांना उपवास व प्रार्थना करूनच कामगिरीवर पाठविलें. ‘दिदाखे’ नांवाच्या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तकांत बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे वार सांगितले आहेत. पुढें राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानदिनाच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ उपवासकाळ ठरला. हे दिवस एकंदर ४६ होतात. त्यांतून आनंदाचे सहा रविवार वजा केले म्हणजे चाळीस उरतात.

या काळांत अमुक धान्य पवित्र व तमुक अपवित्र असा भेद नाहीं. भाकरी सोडून फराळावर ताव मारणें हाही उपवास नव्हे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण सर्वच धर्मांतील लोकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. उपवास म्हणजे जवळ राहणें. देवाच्या जवळ राहतां यावें म्हणून जेवणाची वेळ मोकळी करणें, हा त्याचा अर्थ.

तयारी तीन प्रकारची असावी. पहिली मनाची. उपवास कशासाठीं, हें आदल्या रात्रीं एका वाक्यांत ठरवावें. एखाद्या पापाचा पश्चात्ताप, आजाऱ्यासाठीं प्रार्थना किंवा कठीण निर्णय, असा कांहीं हेतु असावा. हेतूवांचून उपवास म्हणजे नुसती उपासमार. दुसरी तयारी संबंधांची. कोणाशीं भांडण असेल तर तें आधीं मिटवावें. तिसरी शरीराची. आदल्या दिवशीं पोटभर मेजवानी न करतां हलकें जेवावें. ज्यांना चहाची फार संवय आहे, त्यांनीं तो दोन-तीन दिवस आधींपासून कमी करावा, नाहीं तर दिवसभर डोकें दुखत राहतें.

आरंभ एका जेवणापासून करावा. सकाळची न्याहारी घेऊन दुपारचें जेवण सोडावें, आणि तो वेळ शास्त्रवाचन व प्रार्थना यांत घालवावा. आपल्याकडे उपवासकाळ ज्वारीच्या काढणीच्या सुमारास व उन्हाच्या तोंडीं येतो. म्हणून पाणी मुळींच सोडूं नये. चक्कर आल्यास हट्ट न धरतां खावें. सायंकाळीं ताक, मऊ भात असें हलकें अन्न घेऊन उपवास सोडावा.

पालकांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. वाढत्या मुलांना, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांना, आजाऱ्यांना व मधुमेहाचें औषध घेणाऱ्यांना हा मार्ग नाहीं. रोमन कॅथोलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मविधानांतही उपवासाचें बंधन वयाचीं १८ वर्षें पूर्ण झाल्यावरच लागू होतें. मुलांनीं मिठाई किंवा करमणुकीची एखादी आवडती गोष्ट सोडावी, तेवढें पुरे.

आतां आमचीच एक चूक सांगतों. वसतिगृहांत असतां आम्हीं शुभ शुक्रवारीं पहिला उपवास केला, आणि सकाळीं दहा जणांना तो सांगितलाही. दुपारीं एका लहान मुलाच्या हातून आमचें पाणी सांडलें. आम्हीं त्याला इतकें रागें भरलों कीं तो रडत कोपऱ्यांत जाऊन बसला. सायंकाळीं पाहतों तों त्याच मुलानें आपल्या वाट्याची भाकरी आमच्यासाठीं झांकून ठेविली होती. त्या दिवशीं उपाशी आम्ही राहिलों होतों, पण उपवास त्या मुलाचा झाला होता.

यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचा आशय तरी दुसरा काय आहे? आपलें अन्न भुकेल्यास वांटून देणें हाच देवाला आवडणारा उपवास. पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. व्रतें व उपवास त्यांनीं बाळपणापासून पाहिले होते, आणि तरुणपणीं दुष्काळांत आई, वडील व बहीण हीं गमावलीं होतीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० अनाथ मुली व स्त्रिया यांना घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन अशा भुकेल्यांसाठींच उभें राहिलें. भूक काय असते हें जाणणाऱ्या हातांनीं दुसऱ्यांचीं पानें वाढलीं.

आपल्या मराठवाड्यालाही दुष्काळ परका नाहीं. १९७२ सालच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून मुलांनीं अवश्य ऐकाव्या. ज्याची भूक त्यानें निवडलेली नाहीं, त्याची आठवण आपल्या निवडलेल्या भुकेंत झाली पाहिजे.

म्हणून शेवटची सूचना अगदीं साधी आहे. ज्या वेळचें जेवण सोडाल, त्या वेळचें पीठ निराळ्या डब्यांत मोजून ठेवा. उपवासकाळ संपला म्हणजे तो डबा ज्या घरीं चूल नीट पेटत नाहीं, तेथें नेऊन द्या. आणि परत येतांना कोणी विचारलें, तर कोठें गेलां होतां हें सांगूं नका.