विश्रामबाग वाडा : एका विद्यास्थानाची वास्तू

पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा म्हणून ओळखला जातो. ही ओळख खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला हा वाडा पेशव्यांच्या निवासाला १८१७-१८ पर्यंत, म्हणजे जेमतेम दहा वर्षे, उपयोगी पडला. त्यानंतर १८२१ ते १८६८ अशी सत्तेचाळीस वर्षे त्याच छपराखाली अध्ययन-अध्यापन चालू होते. वास्तूचे वर्णन करणारे बहुतेक लेखक पहिल्या कालखंडाशी थांबतात. दुसरा कालखंड हा त्यांच्या लेखी वाड्याच्या अवनतीचा काळ होय. हे मत तपासून पाहणे आवश्यक आहे.

पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. राज्य गेल्यावर ती एकाएकी बंद केल्यास असंतोष माजेल, हे एल्फिन्स्टनने ओळखले होते. दक्षिणेतील काही रक्कम विद्येच्या उत्तेजनार्थ वळविण्यात आली, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकीर्दीत विश्रामबागेत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, वेदान्त, अलंकार, ज्योतिष, वैद्यक इत्यादी शास्त्रांसाठी स्वतंत्र शास्त्री नेमले गेले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखे विद्वान याच पाठशाळेतून तयार झाले.

राजाच्या विलासासाठी उभारलेल्या वाड्यात पाठशाळा कशी सामावली, याचे उत्तर वाड्याच्या रचनेतच आहे. वाड्याला तीन चौक आहेत. रस्त्याकडील दर्शनी भागावर कोरीव सागवानी कामाचा सज्जा पुढे आलेला असून सुरूच्या झाडाचा आकार दिलेले खांब, त्यांमधील महिरपी व नक्षीदार हस्त हे उत्तर पेशवाईतील काष्ठशिल्पाचे उत्कृष्ट नमुने समजले जातात. परंतु विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते आतील चौक आणि त्यांच्या भोवतीचे सोपे. वाड्याच्या बांधणीत मापाचे एकक खण हे असते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. भिंतींनी जागा विभागण्यापेक्षा खांबांनी ती सुचवावी, असा या बांधणीचा कल असतो. एका शास्त्र्याने चार-सहा शिष्यांना भोवती बसवून पंक्ती लावून द्यावयाची, शिष्यांनी ती म्हणून घोकावयाची, या पद्धतीला याहून अधिक कशाची गरज नसते. उजेड व वारा चौकातून मिळतो. शेजारच्या खणात दुसरा पाठ चालू असला तरी त्याचा उपसर्ग होत नाही; घोकणाऱ्यास स्वतःचा आवाज पुरेसा असतो.

भाषेचा पुरावाही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतातील ‘शाला’ या शब्दाचा मूळ अर्थ घर किंवा दालन एवढाच आहे. पाकशाला, अश्वशाला, गोशाला हे समास त्याची साक्ष देतात. मराठीत ‘शाळा’ शब्दाचा अर्थ विद्येपुरता संकोचला. पण त्याबरोबर क्रियापद मात्र वास्तूला साजेसे राहिले नाही. मराठीत शाळा ‘भरते’, जसा बाजार भरतो किंवा दरबार भरतो. आणि ती ‘सुटते’. म्हणजे मराठी माणसाच्या मनात शाळा हा प्रामुख्याने मेळा आहे, इमारत दुय्यम आहे. ज्या वास्तूत पूर्वी दरबार भरत असे तेथेच पुढे शाळा भरू लागली, यात भाषेच्या दृष्टीने तरी विसंगती नाही. ‘विश्रामबाग’ या नावाची विद्यार्थ्यांनी काय थट्टा केली असेल ती वेगळी.

१८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन झाले, आणि मेजर टॉमस कँडी त्याचे प्रमुख झाले. दक्षिणेच्या परंपरेतून जन्मलेली ही वास्तू आता वेगळ्या लोकांनाही दिसू लागली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच वाड्यात मुलींच्या व अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या कार्याबद्दल जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. शास्त्र्यांच्या पाठशाळेच्या चौकात घडलेल्या या प्रसंगाचे मोल वाड्याच्या कोणत्याही नक्षीकामाहून कमी मानता येणार नाही.

अध्यापनाची पद्धत बदलली तशी जागा अपुरी पडू लागली. एकाने बोलावे आणि अनेकांनी एका दिशेस तोंड करून ऐकावे, या व्यवस्थेस बंद दारांची दालने लागतात. खांबांची ओळ तेथे दृष्टीच्या आड येते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमुळे येरवड्याच्या बाजूस नवी इमारत शक्य झाली. कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी तिचा आराखडा केला. काळ्या दगडाची, टोकदार कमानींची, उभट छपरांची व मनोऱ्याची ही गॉथिक वास्तू वाड्याच्या सर्वस्वी विरुद्ध आहे : वाडा आत पाहतो, ही बाहेर पाहते. १८६८ मध्ये संस्था तेथे गेली. तिला १८६४ पासून डेक्कन कॉलेज हे नाव मिळालेले होते.

या स्थलांतराच्या सांध्यावर फ्रान्झ कीलहॉर्न उभे आहेत. १८६६ मध्ये ते संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, त्या वेळी कॉलेज वाड्यातच होते. नागोजीभट्टाच्या परिभाषेन्दुशेखराची त्यांची आवृत्ती १८६८ मध्ये, म्हणजे स्थलांतराच्याच वर्षी, निघू लागली. पुण्यातील वैयाकरण शास्त्र्यांच्या मुखपरंपरेवाचून हे काम झाले नसते. पुढे त्यांनी संपादिलेले महाभाष्य १८८० ते १८८५ या काळात छापले गेले. खांबांमधल्या खणात जपलेली विद्या अशा रीतीने दगडी इमारतीत व तेथून छापील पानांत उतरली. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले. १९३९ मध्ये ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा भाषाशास्त्र हा तिचा एक प्रमुख विषय झाला.

वाड्याच्या नशिबी मात्र १८७९ ची आग आली. तीत जळालेला भाग नंतर पुन्हा बांधण्यात आला. पुढे वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या, पुणे नगरपालिकेचा कारभारही काही काळ तेथून चाले. जीर्णोद्धार करणाऱ्यांची दृष्टी साहजिकच ‘मूळ’ रूपाकडे, म्हणजे बाजीरावाच्या वाड्याकडे असते. नंतरची भर ही त्यांना काढून टाकावयाची भेसळ वाटते. परंतु खणाखणांमध्ये घातलेल्या आडभिंती, जागोजाग पाडलेली दारे, फळ्यांची तक्तपोशी यांतच एका शिक्षणपद्धतीने दुसरीस जागा दिल्याची नोंद असण्याचा संभव असतो. तशा खुणा उतरवून घेण्यापूर्वी त्यांची मापे व चित्रे करून ठेवणे हे वास्तुशास्त्रज्ञांइतकेच शिक्षणाच्या इतिहासकारांचेही काम आहे.