जुना लॅपटॉप का रखडतो?

संगणक जुना झाला की मंद होतो, असे आपण सर्रास म्हणतो. पण त्यातले इलेक्ट्रॉन काही म्हातारे होत नाहीत! धूळ साचून तो तापत नसेल, तर त्याचा प्रक्रियक दहा वर्षांपूर्वी जितक्या वेगाने बेरजा करीत होता तितक्याच वेगाने आजही करतो. मग अडते कोठे?

टेबल आणि कपाट

अभ्यासाला लागणारी पुस्तके आपण टेबलावर मांडतो, बाकीची कपाटात ठेवतो. संगणकाचे टेबल म्हणजे रॅम ही स्मृती आणि कपाट म्हणजे हार्ड डिस्क. आजच्या आज्ञावल्या पूर्वीपेक्षा जास्त जागा व्यापतात. टेबल भरले की संगणक काही माहिती डिस्कवर ठेवतो आणि लागली की परत आणतो.

ही खेप किती महाग पडते? जुन्या लॅपटॉपमधील डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.५ मिलिसेकंद लागतात. रॅममधून माहिती सुमारे ०.१ मायक्रोसेकंदात मिळते. भागाकार करून पाहा : ५५,००० पट! रॅमला १ सेकंद लागतो असे मानले, तर डिस्कला १५ तासांहून अधिक लागतील.

गळकी भांडी

रॅमच्या प्रत्येक कोषात एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म संधारित्र असते. संधारित्रात विद्युत्भार असला तर १, नसला तर ०. या रचनेचे पेटंट आय. बी. एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळाले. ८ गिगाबाइटच्या पट्टीत असे ६,८०० कोटींहून अधिक कोष असतात. हा भार सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कोष वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज बंद झाली की सारे पुसले जाते.

पट्टी घेण्यापूर्वी

आधी मोजा, मग खर्च करा. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर नेहमीची कामे चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. रॅम जवळजवळ भरलेली दिसली, तर नव्या पट्टीचा उपयोग होईल. निम्मी रिकामी असेल, तर दुखणे दुसरे आहे. टेबल मोठे करून उपयोग नाही.

पट्टीची जातही जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २०४ टोके असतात, डीडीआर-४ ला २६०. खाचही वेगळ्या जागी असते. लॅपटॉप जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. विंडोज ३२ बिटांची असेल, तर घरांचे क्रमांक २^३२ इतकेच, म्हणजे ४ गिगाबाइटपुरतेच असतात. त्यापुढची स्मृती वाया जाते. काही लॅपटॉपांत रॅम डाख देऊन कायमची बसवलेली असते. तेथे उपाय नाही.

बसवताना

हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, शक्य असल्यास बॅटरीही सोडवा. अंगावरील स्थितिक वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला मारक ठरते. म्हणून प्रथम जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. पट्टी कडांनी धरून तिरकी सरकवा आणि दोन्ही बाजूंचे चिमटे अडकेपर्यंत हलकेच दाबा. जोर लावावा लागला, तर थांबा. खाच पुन्हा तपासा.

शाळेतील मंद लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी ही मोजणी एकदा करून पाहा. कदाचित त्याला हवे असेल केवळ थोडे मोठे टेबल!