दुधावांचून आइस्क्रीम

आइस्क्रीम हा शब्द कानीं पडतांच मनांत प्रथम दूध येतें, आणि त्यांत नवल नाहीं. परंतु ज्यास दूधच वर्ज्य आहे त्यानें काय करावें? हा प्रश्न गेल्या नाताळच्या संमेलनांत मजपुढें उभा राहिला. वर्गांतील एका मुलास दुधाचें वावडें आहे हें मला ठाऊक होतें. म्हणून त्याच्यासाठीं मीं मुद्दाम ‘फ्रोझन डेझर्ट’ असें छापलेला डबा आणिला. त्यावर हिरवा ठिपका होता, ‘वनस्पतिज स्निग्ध पदार्थ’ हे शब्दही होते. तेवढ्यानें माझें समाधान झालें. दोन चमचे पोटांत गेले नाहींत तोंच मुलाचे ओठ सुजले व अंगावर गांधी उठल्या. दवाखाना जवळ होता, म्हणून मुलगा सायंकाळपर्यंत बरा झाला. दोष माझ्या अर्धवट वाचनाचा होता. त्या दिवसापासून मीं या विषयाचा जो अभ्यास केला, तो तुमच्यापुढें व तुमच्या पालकांपुढें ठेवितों.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. दुधाचा त्रास दोन प्रकारचा असतो. दुधांतील साखर, म्हणजे दुग्धशर्करा, पचविण्यासाठीं लॅक्टेज नांवाचें द्रव्य आंतड्यांत असावें लागतें. तान्हेपणीं तें भरपूर असतें. पुढें पुष्कळांच्या अंगीं तें कमी होतें, आणि जगांतील निम्म्याहून अधिक प्रौढ माणसें याच वर्गांत मोडतात. अशांचें दुधानें पोट फुगतें किंवा बिघडतें, पण जीवास धोका नसतो. दुसरा प्रकार खऱ्या वावड्याचा, ज्यास डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. तेथें शरीर दुधांतील प्रथिनांसच शत्रु समजतें, आणि चिमूटभर दूधही भारी पडूं शकतें. आमच्या विद्यार्थ्याचा त्रास हा दुसरा होता.

आतां वेष्टनाविषयीं. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें साध्या आइस्क्रीमांत दुधाचा स्निग्धांश शेंकडा १० तरी असावा लागतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजीं वनस्पतीचें तेल किंवा तूप घातलें कीं तोच पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ या नांवानें विकावा लागतो. पण बदलतो तो स्निग्धांश. दुधाची भुकटी बहुधा त्यांत राहतेच! हिरव्या ठिपक्याचा अर्थही ‘शाकाहारी’ एवढाच आहे, आणि आपल्याकडे दूध शाकाहारांत गणलें जातें. प्राणिज असें कांहींच नाहीं हें दाखविण्यासाठीं २०२२ च्या नियमांनीं निराळें चिन्ह ठरविलें आहे : हिरव्या चौकटींत इंग्रजी ‘व्ही’ हें अक्षर व त्यावर लहानसें रोप. तरीही ज्यास तीव्र वावडें आहे त्यानें घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. दूध पावडर, व्हे, केसिनेट हीं सर्व दुधाचींच रूपें होत. शिवाय एकाच यंत्रावर दुधाचा माल आधीं निघाला असल्यास त्याचा अंश दुसऱ्या मालांत उतरण्याचा संभव असतो.

दुधाशिवाय आइस्क्रीम करणें अवघड कां, हें समजण्यास आइस्क्रीम म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. गाईच्या दुधांत शेंकडा सुमारें ८७ भाग पाणी असतें. नुसतें पाणी गोठविलें तर दगडासारखा बर्फ होतो. साखर घातल्यानें गोठण्याचा बिंदु शून्याखालीं उतरतो व सगळेंच पाणी एकदम गोठत नाहीं. सतत घुसळल्यानें बर्फाचे कण बारीक राहतात. स्निग्धांशानें जिभेवर मऊपणा येतो. आणि प्रथिनें स्निग्धांशाचे थेंब व हवेचे बुडबुडे धरून ठेवितात. यांतील शेवटचीं दोन कामें दुधांत आयतीं होतात. दूध काढून घेतलें कीं तीं दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावीं लागतात.

हें प्रत्यक्ष पाहावें म्हणून आम्हीं विज्ञानाच्या खोलींत हातानें फिरवावयाचा जुना पॉट मांडला. भोंवतीं बर्फ व खडेमीठ भरलें. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो. मीठ मिसळल्यावर मिश्रण शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. मुलांनीं आळीपाळीनें पॉट फिरविला आणि चार प्रकार तयार झाले.

पहिला नारळाच्या दाट दुधाचा. कोंकणांतील घरांत सोलकढीसाठीं जें दूध काढितात तेंच हें. नारळाचें तेल सुमारें २४ अंशांवर वितळतें. म्हणून थंडींत तें घट्ट होतें व तोंडांत विरघळतें. मऊपणांत हा प्रकार दुधाच्या जवळ आला. मात्र टाळ्यावर मेणासारखा पातळ थर राहिला, आणि नारळाची चव कांहीं केल्या लपली नाहीं. गूळ घातला तेव्हां ती लपविण्याची गरजच उरली नाहीं.

दुसरा भिजवून वाटलेल्या काजूंचा. काजूंत स्निग्धांशाबरोबर पिष्टही असतें, त्यामुळें मिश्रण दाट झालें व बर्फाचे कण दातांखालीं आले नाहींत. चवींत हा सर्वांत सौम्य. परंतु काजूचेंही वावडें असणारीं माणसें असतात, हें विसरूं नये.

तिसरा सोयाबीनच्या दुधाचा. प्रथम केला तेव्हां कच्च्या शेंगेसारखा उग्र वास आला. दाणे वाटतांना त्यांतील एक द्रव्य तेलावर क्रिया करितें व हा वास उत्पन्न होतो. दुसऱ्या वेळीं दाणे उकळत्या पाण्यांत वाटले. उष्णतेनें त्या द्रव्याची शक्ति नष्ट झाली आणि वास पुष्कळ कमी झाला.

चौथ्यांत केवळ आंब्याचा रस, साखर व लिंबू. यांत स्निग्धांश नाहीं, म्हणून तो लवकर वितळला व किंचित् रवाळ लागला. पण आंब्याची चव यांतच सर्वांत स्पष्ट होती. युरोपांत अशा पदार्थास सॉर्बे म्हणतात. तो शब्द व आपलें ‘सरबत’ हे एकाच अरबी मूळापासून निघाले आहेत.

चाखण्याचीही एक रीत आहे. अति थंडीनें जिभेस गोडी कमी भासते; म्हणून मिश्रण गोठण्यापूर्वीं जरा अधिकच गोड असावें लागतें. लहान चमचा घ्यावा, तो तोंडांत विरघळूं द्यावा, आणि दोन प्रकारांच्या मध्यें कोमट पाणी प्यावें. मुख्य म्हणजे ‘हें दुधासारखें आहे काय?’ एवढेंच विचारीत बसूं नये. पाहुण्यास त्याच्या स्वतःच्या नांवानें ओळखावें, तद्वत् नारळास नारळ म्हणूनच चाखावें.

हा उद्योग केवळ आजारी माणसांसाठीं नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रांतील एका आज्ञेवरून धर्मनिष्ठ यहूदी लोक मांस व दूध एकत्र सेवन करीत नाहींत. न्यू यॉर्कमधील डेव्हिड मिंट्झ नांवाच्या यहूदी गृहस्थानें, मांसाच्या जेवणानंतरही चालेल असा गोड पदार्थ हवा म्हणून, सोयाबीनपासून आइस्क्रीमसारखा पदार्थ सिद्ध केला व १९८१ च्या सुमारास ‘टोफुटी’ या नांवानें त्याची कंपनी काढिली. कोणी प्राण्यांवरील दयेमुळें दूध सोडितात, कोणी पोटामुळें. कारणें निराळीं, गरज एकच.

पालकांस एक सूचना करणें अवश्य आहे. वनस्पतिज म्हणजे आरोग्यकारकच, असें समजूं नये. नारळाचा स्निग्धांश बहुतांशीं संपृक्त असतो, आणि साखर तर चारही प्रकारांत आहेच. दुधापासून मिळणारें कॅल्शियम यांत आपोआप येत नाहीं. दूध न घेणाऱ्या मुलास तें नाचणी, तीळ इत्यादिकांतून द्यावें लागतें.

चाखणी संपल्यावर हात वर करून मतें घेतलीं. काजूस सर्वांत अधिक मतें पडलीं. ज्या मुलामुळें हें सारें घडलें त्याची आई स्वतः घटक तपासावयास आली होती. आम्हीं पॉट धुतला होता. तरी पूर्वीं त्यांत दुधाचें आइस्क्रीम केलें जाई हें कळतांच तिनें आंब्याचा रस घरून आणिलेल्या निराळ्या भांड्यांत गोठवून घेतला, आणि मुलानें तोच खाल्ला. तिच्या सावधपणापासून मीं शिकलों. आपल्या खाण्यानें भावास अडखळण होऊं नये, असा बोध संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत केला आहे. यंदाच्या नाताळांत एकाच पंक्तीस बसून सर्वांनीं तोच आंब्याचा गोळा खावा, असें वर्गानें ठरविलें आहे. आणि त्या दिवसासाठीं भांडें नवेंच आणावयाचें आहे.