कथेतील सण आणि सणाचे हवामान : अहिल्यानगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतून एक विवेचन

प्रस्तावना

मराठी कथा-कादंबऱ्यांत सणाच्या दिवशी हवा सहसा चुकत नाही. श्रावणी सोमवारी ऊन आणि सर आळीपाळीने येतात. पोळ्याला शिवार हिरवेगार असते, दसऱ्याला आकाश धुऊन काढल्यासारखे निरभ्र असते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला नेमकी गुलाबी थंडी पडते. सुटीत मामाच्या गावी आलेल्या मुलांना विहीर भरलेली आणि आंबा लगडलेला सापडतो. वाचकाला यात काही खटकत नाही, कारण सण आणि हवा यांची ही जोडी त्याच्या मनात आधीपासून पक्की असते. प्रस्तुत लेखात या जोडीचा उगम, ती टिकून राहण्याची कारणे आणि पर्जन्यछायेतील अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या अनुभवाशी तिचा पडताळा यांचा विचार केला आहे.

हा प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. ‘पूर्वी श्रावणात पाऊस कसा नेमाने येत असे’ हे सिद्ध करण्यासाठी जुन्या ललित साहित्याचे दाखले देण्याची प्रवृत्ती अभ्यासकांतही आढळते. हवामानबदलाच्या चर्चेत असे दाखले पुरावा म्हणून वापरले जाऊ लागले की संकेत आणि निरीक्षण यांतील भेद तपासणे अपरिहार्य ठरते. शिवाय पारनेर किंवा कर्जत तालुक्यातील विद्यार्थी ‘श्रावण’ या विषयावर निबंध लिहितो, तेव्हा त्याच्या रानात न पडलेला पाऊस बहुधा त्याच्या वहीत पडतो. त्याला गुणही त्याच पावसाचे मिळतात.

सण तिथीने, पाऊस नक्षत्राने

मराठी पंचांगात दोन कालगणना शेजारी शेजारी नांदतात. बहुतेक सण चांद्र तिथीने येतात. पावसाचा हिशेब मात्र शेतकरी सूर्याच्या नक्षत्रप्रवेशावरून करतो. मृग ७ ते ८ जूनच्या सुमारास लागतो आणि हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. या तारखा वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर असतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडते, आणि ही तूट साधारण ३२ ते ३३ महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाने भरून काढली जाते. परिणामी सण ऋतूच्या तुलनेत मागेपुढे सरकत राहतात.

हे सरकणे किरकोळ नाही. २०२० मध्ये श्रावण २१ जुलैला सुरू झाला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे निज श्रावणाचा आरंभ १७ ऑगस्टला झाला. एकाच नावाच्या महिन्यात जवळजवळ चार आठवड्यांचे अंतर पडले. पावसाळ्यात चार आठवडे म्हणजे दोन नक्षत्रे. एका वर्षी पोळ्याला बाजरी निसवणीवर असते, तर दुसऱ्या वर्षी कणसांत दाणा भरत आलेला असतो. दिवाळीचेही तसेच. २००९ मध्ये लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला झाले, २०२० मध्ये १४ नोव्हेंबरला. पठारावर या दोन तारखांची पहाट सारखी नसते. ऑक्टोबरच्या मध्यास पाऊस ओसरून उकाडा वाढलेला असतो, तर नोव्हेंबरच्या मध्यास नगरच्या परिसरात अंगावर पांघरूण घ्यावे लागते. म्हणजे ‘गुलाबी थंडी’ खोटी नाही, ती काही वर्षांची आहे. कथेत ती दरवर्षीची होते.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. हादगा हा मुलींचा खेळोत्सव परंपरेने सूर्याच्या हस्त नक्षत्रातील प्रवेशाशी बांधलेला आहे. मध्यभागी हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरला जातो, आणि हस्ताच्या पावसालाही बोलीत हत्तीचाच पाऊस म्हणतात. आज अनेक घरी हा खेळ नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत खेळला जातो, म्हणजे तोही तिथीकडे सरकला आहे. तरी मुळात पावसाशी थेट नाते सांगणारा सण लोकपरंपरेने वेगळा ओळखला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नगरचा श्रावण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या एका कडेला कळसूबाई (१,६४६ मीटर) आणि हरिश्चंद्रगड आहेत, तर दुसऱ्या कडेला जामखेड आणि पाथर्डीची कोरडी माळराने. अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी या घाटमाथ्यावरील गावांत हंगामात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेच वारे सह्याद्री ओलांडून पूर्वेस उतरले की त्यांतील बाष्प बरेचसे संपलेले असते. त्यामुळे जिल्ह्याच्या मध्य आणि दक्षिण भागात वर्षभराचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. भंडारदऱ्याचे धरण (बांधकाम १९१० ते १९२६) हे याच विषमतेवरचे उत्तर होते. घाटमाथ्यावर पडणारे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या कोरड्या तालुक्यांत न्यायचे, हा त्यामागील विचार.

पावसाच्या एकूण परिमाणापेक्षाही त्याची वेळ येथे अधिक महत्त्वाची आहे. पठारी तालुक्यांत जुलै आणि ऑगस्ट हे बहुधा जोरदार वाऱ्याचे आणि भुरभुरीचे महिने असतात. ढग येतात, सावली पडते, मातीचा वरचा पापुद्रा ओला होतो आणि उघडीप पडते. खरा पाऊस सप्टेंबरात, विजांच्या कडकडाटासह, पूर्वेकडून येणाऱ्या प्रणालींमुळे पडतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे आणि परतीचा मान्सून यांवर हा भाग अवलंबून आहे, म्हणूनच परंपरेने तो रब्बी ज्वारीचा मुलूख आहे. येथे श्रावण पावसाचा परमोच्च काळ नसून वाट पाहण्याचा काळ असतो.

या संदर्भात बालकवींचे उदाहरण विचार करायला लावते. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९० ते १९१८) यांची ‘श्रावणमास’ ही कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आणि मराठी मनातील श्रावणाचे रूप तिनेच निश्चित केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. बालकवी खानदेशातील. काही काळ ते नगर येथे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी राहिले होते, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचा सहवास जिव्हाळ्याने आला आहे. कवीने आपल्या अनुभवातला आणि कल्पनेतला श्रावण लिहिला, यात दोष काहीच नाही. अडचण नंतरच्या कथाकारांची आहे. त्यांनी आकाशाकडे पाहण्याऐवजी कवितेकडे पाहिले. गाव कोकणातले असो, मावळातले असो वा श्रीगोंद्याचे, श्रावण एकाच ओळखीचा येऊ लागला.

याचा अर्थ नगरच्या पठारावर श्रावणसरी कधी पडतच नाहीत असा नाही. काही वर्षी त्या पडतात आणि तेव्हा लोकांना कविता आठवते. न पडलेल्या वर्षी मात्र कुणालाच काही आठवत नाही. संकेत टिकून राहतो तो असाच.

दसऱ्याच्या बाबतीत हा विसंवाद अधिक अर्थपूर्ण आहे. कथेतील दसऱ्याला पाऊस आला तर तो विघ्न म्हणून येतो. सोने लुटायला निघालेली माणसे भिजतात, झेंडूची तोरणे गळतात. रब्बीच्या मुलखात मात्र घटस्थापनेच्या आगेमागे पडणारा पाऊस हाच वर्षाचा आधार असतो. शेतातली माती आणून तिच्यावर धान्य रुजवण्याचा घटाचा विधी बियाण्याची उगवण तपासणाऱ्या समाजाला किती जवळचा असेल, हे सांगण्याची गरज नाही. ‘सणाला शोभेल अशी हवा’ ही कल्पना अशा रीतीने सण पाहायला आलेल्या पाहुण्याची आहे, पेरणीसाठी थांबलेल्या यजमानाची नाही. मात्र तोच पाऊस महिनाभर लांबून दिवाळीत आला तर काढणीला आलेली बाजरी आणि खरीप कांदा सडवतो. २०१९ मध्ये लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते, आणि त्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ घोंघावत होते. महाराष्ट्रभर अवकाळी पावसाने उभी आणि कापलेली पिके भिजली. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि आठवड्याभरातच दिवाळी आली. लागोपाठच्या या दोन दिवाळ्यांपैकी एकीचेही हवामान दिवाळीच्या ठरीव कथेत बसत नाही.

संकेताची शास्त्रीय बाजू

भारतीय काव्यशास्त्राला ही गोष्ट नवी नव्हती. ऋतू हा रसाचा उद्दीपन विभाव मानला गेला. ज्या भावाला जो ऋतू पोषक, तो तेथे योजावा. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात ‘कविसमय’ या संज्ञेखाली अशा संकेतांची पद्धतशीर चर्चा केली. जे अस्तित्वात नाही त्याचे वर्णन करणे, जे आहे त्याचे न करणे आणि जे अनेक ठिकाणी आहे ते एकाच ठिकाणी बांधणे, असे प्रकार त्याने मानले आहेत. कोकीळ ग्रीष्मातही गातो, तरी कवीने तो वसंतातच गाववावा. मोराचे नृत्य वर्षाऋतूतच दाखवावे. सणाचे अचूक हवामान हा याच परंपरेचा आधुनिक, गद्यातला वंशज म्हणता येईल. राजशेखराच्या पणजोबांचे नाव अकालजलद, म्हणजे अवेळी आलेला मेघ, असे होते आणि ते ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवले जात, ही जाता जाता नोंदवण्यासारखी गंमत.

तथापि राजशेखराची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. कविसमयानंतर लगेच त्याने देशविभाग आणि कालविभाग यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. कोणत्या प्रदेशात काय होते, कोणत्या ऋतूत कोणता वारा वाहतो, हे कवीला ठाऊक असले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. संकेत जाणून वापरणे आणि अज्ञानाने वापरणे यांत त्याने फरक केला. मराठी ललित गद्याने पहिला अध्याय घेतला आणि दुसरे दोन सोडले, असे म्हणावेसे वाटते.

दिवाळी अंकाचे वेळापत्रक

आधुनिक काळात संकेत बळकट होण्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही दिसते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेला वर्षाचा मोठा बाजार मिळाला. अंक दिवाळीपूर्वी वाचकाच्या हाती पडायचा, तर मजकूर पावसाळ्यातच तयार व्हावा लागतो. म्हणजे दिवाळीच्या थंडीची कथा आषाढ-श्रावणात लिहिली जाते. लेखकासमोर खिडकीबाहेरचा पाऊस असतो आणि लिहायची असते येऊ घातलेली पहाट. अशा वेळी त्या वर्षीची दिवाळी कशी असेल हे त्याला कळणे शक्यच नसते. तो स्मरणातली, किंबहुना आधी वाचलेली, दिवाळी लिहितो.

इंग्रजी साहित्यात याला समांतर असा प्रकार प्रसिद्ध आहे. चार्ल्स डिकन्स १८१२ मध्ये जन्मला. १८१० ते १८१९ हे दशक इंग्लंडमध्ये असाधारण थंड होते, आणि १८१४ मध्ये लंडनची थेम्स नदी गोठून तिच्यावर शेवटची जत्रा भरली. १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ने बर्फाळ नाताळाची प्रतिमा घट्ट केली. आज दक्षिण इंग्लंडमध्ये नाताळाला बर्फ पडणे ही विरळ गोष्ट आहे, आणि ऑस्ट्रेलियात तर नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, तरी शुभेच्छापत्रांवर बर्फच असतो. एका लेखकाच्या बालपणातले हवामान दुसऱ्या गोलार्धातील लोकांचा सण ठरवू शकते, तर खानदेशी किंवा कोकणी श्रावण नगरकरांचा ठरावा यात नवल नाही.

उलटा संकेत

ग्रामीण साहित्याने हा साचा मोडला, असे सामान्यतः मानले जाते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) पाऊस हुलकावणी देतो आणि गाव विखुरते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) शेतीची परवड महिन्यांच्या चक्रातून उलगडते. या कृतींत हवा प्रसंगाच्या सोयीसाठी येत नाही, प्रसंगच हवेतून घडतात. परंतु त्यांच्या अनुकरणातून जे पुष्कळ लेखन झाले त्यात एक उलटा संकेत रुजला. लग्नाच्या दिवशीच गारा, मळणीच्या दिवशीच वळीव आणि कर्जाचा हप्ता भरायच्या आदल्या रात्रीच वीज. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना अशी अवकृपा अशक्य वाटणार नाही. तरीही नेमक्या घटकेला येणारे संकट हे नेमक्या घटकेला येणाऱ्या थंडीइतकेच सोयीचे असते. निसर्ग दोन्हीकडे लेखकाच्या आज्ञेत राहतो.

अध्यापनासाठी एक शक्यता

कथेतील सणाला वर्ष आणि गाव असेल, तर ताळा पाहणे आज कठीण नाही. पंचांगावरून तारीख मिळते आणि महसूल मंडळनिहाय पर्जन्यनोंदींवरून त्या आठवड्याचा पाऊस. हिवरे बाजारसारख्या गावात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरवली जातात. तेथील विद्यार्थ्याला ही पद्धत शिकवावी लागणार नाही. मराठी, भूगोल आणि इतिहास या तिन्ही विभागांना मिळून असा छोटा प्रकल्प घेता येईल. त्यातून लेखकाला चूक ठरवणे हा हेतू नसावा. कोणत्या लेखकाने संकेत वापरला, कोणी प्रत्यक्ष पाहिले आणि कोणी एकाच कथेत दोन्ही केले, हे वेगळे काढता आले तर ललित साहित्य हवामानाचा पुरावा म्हणून केव्हा वापरावे याचा काही निकष हाती लागेल.

प्रारंभासाठी २०२३ हे वर्ष घेता येईल. त्या वर्षी नागपंचमी २१ ऑगस्टला होती, आणि तो ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला. त्या श्रावणावर आधारलेली एखादी कथा मिळाली, तर तिच्यातील पंचमीच्या झोक्यांवर सर येते की नाही, एवढेच प्रथम पाहावे.