प्रॅक्टिकलचा पार्टनर

पहिल्या वर्षाचे तास आमच्या स्टाफरूममध्ये कोणी मागून घेत नाही. मी घेते. नागपुरातल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. जुलैत बावरून वर्गात शिरलेली पोरं हिवाळी परीक्षेला बसेपर्यंत ज्या वेगाने बदलतात, ते पाहण्यातली मजा तिसऱ्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स शिकवण्यात नाही.

यातली बरीच मुलं नागपूरची नसतात. सालेकसा, तुमसर, भिवापूर, आष्टी. २०११मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं तिकडे गेली, तरी वडसा-आरमोरीहून नागपूरला येणं काही थांबलं नाही. १९२३मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा सहा कॉलेजं मिळून ९२७ विद्यार्थी होते. आज त्याहून जास्त पोरं एकेका कॉलेजात असतात. त्या ९२७ जणांत कोणी चार दिवस दिसला नाही तर चौकशी होत असेल. आता वर्ग भरलेला असतो आणि कोण नाही ते फक्त हजेरीपटाला कळतं.

नव्या मुलाला खरं बुजवतं ते हेच. अभ्यास अवघड असतो, इंग्रजीचं दडपण असतं, मान्य. पण बारावीपर्यंत कोणी ना कोणी मागे लागलेलं असतं: आई, सर, ट्यूशनवाले. इथे मागे लागणारं कोणी नाही. पहिले पंधरा दिवस बरं वाटतं, बर्डीवर हिंडणं होतं, फुटाळ्यावर फोटो होतात. मग एका संध्याकाळी रूमवर ताप भरतो आणि कोणाला फोन करायचा ते सुचत नाही.

त्यात फॉर्मांचा जाच. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किल कोर्स, भारतीय ज्ञानप्रणाली असे डबे पाडले आहेत. हिशोब तसा सोपा आहे: थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला त्यासाठी ३० तास, आणि वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट. पण पहिल्या आठवड्यात ही यादी हातात पडली की पोरं गांगरतात आणि शेजारचा जे भरतो तेच भरतात. ‘पहिलं वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट भेटते म्हणे’ असंही दरवर्षी कोणीतरी विचारतं. मिळतं, वर चार क्रेडिटचं जादा काम करावं लागतं. मला तो दरवाजा फारसा आवडत नाही. ज्यांना घरची ओढ असते, त्यांनाच तो आधी दिसतो.

यूजीसीने नव्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ नावाचा कार्यक्रम ठरवून दिला आहे. हेतू चांगला. प्रत्यक्षात सभागृहात भाषणं होतात, शपथ होते, रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर सांगितला जातो (१८००-१८०-५५२२, लिहून ठेवावा असाच आहे), आणि संध्याकाळी मुलगा एकटाच मेसमध्ये जेवतो. ओळखी तिथे होत नाहीत. त्या प्रॅक्टिकलच्या टेबलावर होतात, कारण तिथे एक उपकरण दोघांत असतं आणि बोलल्यावाचून सुटका नसते.

गेल्या सालची एक जोडी सांगते. मुलगी सालेकसाकडची, मुलगा धरमपेठेतला. स्क्रू गेजने तारेची जाडी मोजायची होती. हे उपकरण मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतं. मुलीने बारावीत ते हातातही घेतलं नव्हतं. तिथे जर्नलमध्ये रीडिंग उतरवून मिळत. मुलाला सगळ्या व्याख्या पाठ. पण स्क्रू पुढे नेताना एक रीडिंग येई, मागे आणताना दुसरं. ‘बॅकलॅश एरर,’ तो म्हणाला, आणि ते का होतं विचारल्यावर गप्प झाला. ती खाली बघत म्हणाली, ‘आटे झिजले असतील जी. उलटं फिरवलं का थोडं नुसतंच फिरते, मंग धरते. भावाच्या दुकानात पान्याचं असंच होते.’ भावाचं सायकल-दुरुस्तीचं दुकान. उत्तर अचूक होतं, उपायही तिनेच सांगितला: एकाच बाजूने फिरवत न्यायचं. त्या दिवसापासून तो तिला इंग्रजीतले प्रश्न उलगडून देऊ लागला आणि ती त्याचे हात उपकरणावर बसवू लागली.

पैशाचं थोडक्यात सांगते. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. नागपुरासारख्या शहरात जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजारांपर्यंत. आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’ आहे. पण पैसे खात्यात पडेपर्यंत रूमभाडं थांबत नाही, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात करावा. मेस लावताना खाड्याचा नियम आधी विचारून घ्यावा. गावी गेलं की किती दिवसांचे पैसे कापले जातात यावर सणाच्या महिन्याचा हिशोब ठरतो. उन्हाळ्यात कूलरचं बिल वेगळं द्यायचं की भाड्यातच, हेही जुलैतच ठरवावं. मे महिन्यात घासाघीस करायची ताकद उरत नाही.

पोळ्याच्या पाडव्याला मारबती निघतात तेव्हा कोण कोणासोबत मिरवणूक बघायला गेलं, यावरून वर्गात कोणाची जोडी जमली ते मला कळतं. धास्ती असते ती दिवाळीची. घरी गेलेल्यांपैकी एखादा परततच नाही आणि परीक्षा तर तोंडावर. एकदा मी बॅचमध्ये विचारलं, तो काऊन नाही आला रे? पार्टनर म्हणाला, ‘घरीच हाये मॅडम. म्हणते, मले काही जमत नाही. मी रोज फोन करून राहिलो.’ पोरगं आठवड्याने आलं. एका विषयात एटीकेटी लागली, पण आलं.

तेव्हापासून मी बॅचेस पाडताना रोल नंबरची रांग मोडते. एक गावचा, एक शहरातला. जर्नल तपासताना नंबर पुढेमागे होतात म्हणून आमचे लॅब असिस्टंट कुरकुरतात. जानेवारीत काहीजण येतात, ‘मॅडम, आमच्या गावच्या पोरासोबत बसू द्या ना जी.’ मी म्हणते, उन्हाळी परीक्षेनंतर बघू.