सहा टायरांची घरची गाडी

अमेरिकेत समोरून येणाऱ्या एखाद्या पिकअपच्या टपावर पाच पिवळे दिवे एका ओळीत दिसले, तर मालकाने ते हौसेने लावले असतील असे वाटते. लहान गाडीवर हौसेने लावणारेही आहेत. पण खऱ्या ‘ड्युअली’ पिकअपवर ते कायद्याने आलेले असतात. तिथल्या सुरक्षा-नियमांनुसार ८० इंच किंवा त्याहून जास्त रुंदीच्या गाडीला दोन्ही कडांना एकेक आणि मधोमध तीन दिवे लागतात. पुढचे पिवळे, मागचे लाल. अंधारात समोरच्याला गाडीच्या अंगाचा अंदाज यावा, एवढाच हेतू. हा नियम मूळचा बस आणि मालट्रक यांच्या दुनियेतला. ड्युअली त्या दुनियेतून आलेली आहे आणि शाळा, किराणा, दवाखाना अशा चकरा मारते आहे.

ड्युअली म्हणजे मागच्या एक्सलवर दोन-दोन असे चार टायर असलेली पिकअप. पुढचे दोन धरून सहा. मागच्या फुगीर मडगार्डांपाशी तिची रुंदी आठ फूट भरते, तीही आरसे न धरता. चार दारांची केबिन आणि आठ फुटी हौदा घेतला, तर लांबी बावीस फुटांवर जाते. रिकामे वजन साडेतीन टनांच्या पुढे. फोर्डची एफ-३५० आणि एफ-४५०, रॅम ३५००, शेव्हरोलेची सिल्व्हेराडो ३५०० आणि तिची जुळी बहीण जीएमसी सिएरा ३५०० या मोजक्या गाड्यांत हा सगळा बाजार आटोपतो. फोर्डची केंटकीतल्या लुइव्हिलला बनते, जनरल मोटर्सची मिशिगनमधल्या फ्लिंटला आणि अस्सल अमेरिकन म्हणून मिरवणारी रॅम मेक्सिकोतल्या साल्तियोला.

दुहेरी चाकांचे छोटे ट्रक आधीही होते, पण ते कामाचे: उघडा सांगाडा, त्यावर गरजेप्रमाणे फळ्यांचा हौदा किंवा क्रेन. १९७३च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या एक-टनी पिकअपला कारखान्यातूनच दुहेरी चाके आणि त्यांना झाकणारी गोल मडगार्डे दिली आणि तिला ‘बिग डूली’ असे लाडाचे नाव ठेवले. गिऱ्हाईक होते सुट्टीत हौद्यावर अख्खी खोली चढवून रानात जाणारे कुटुंब. म्हणजे घरगुती वापर या गाडीच्या जन्मातच आहे. फक्त तो वापर रोजचा नव्हता.

मागे चार टायर कशाला, याचे उत्तर ओढण्यात नसून पेलण्यात आहे. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला जोडतात. जड ट्रेलर मात्र हौद्याच्या मध्यावर, थेट मागच्या एक्सलच्या वर जोडतात. गुरांचे आणि यंत्रांचे ट्रेलर लांब मान काढून तिथल्या गोळ्यावर बसतात, तर चाकांवरची मोठी घरे कंटेनरच्या ट्रकसारख्या खिळ्याने अडकतात. अशा ट्रेलरचे पंधरा ते पंचवीस टक्के वजन गाडीच्या पाठीवर येते. सोळा हजार पौंडांचे, म्हणजे सव्वासात टनांचे घर असेल, तर एक-पंचमांश धरूनही दीड टन नुसता पाठीवर. रॅम ३५००च्या एकेरी चाकांच्या रूपात मागच्या एक्सलची क्षमता ७,००० पौंड आहे, दुहेरीत ९,७५०. शिवाय पाया रुंद झाल्याने बाजूच्या वाऱ्यात आणि शेजारून कंटेनर गेल्यावर ती कमी डोलते. एक टायर फुटला तर दुसरा गाडी सावरून धरतो. उतारावर सव्वासात टन पाठीशी असताना हा हिशेब कोणालाही पटेल.

महाराष्ट्राला यात अपूर्वाई नाही. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७लाही मागे चार टायर असतात आणि तिने कांद्याच्या गोण्यांपासून नवरदेवाच्या वऱ्हाडापर्यंत सगळे वाहिले आहे. पण ४०७ घेऊन कोणी रोज कचेरीत जात नाही. ती भाड्याने बोलावतात, काम झाले की परत पाठवतात. अमेरिकेत ट्रक आणि घरची गाडी यांच्यातली ही भिंत पडली, ती मुख्यतः डिझेल इंजिनामुळे.

१९८९च्या मॉडेलपासून डॉज रॅममध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन आले. अश्वशक्ती अवघी १६०, पण टॉर्क ४०० पौंड-फूट, आणि तोही कमी फेऱ्यांवर. मुळात शेतीची आणि बांधकामाची यंत्रे, मध्यम ट्रक यांच्यासाठी घडवलेले हे बी-मालिकेतले इंजिन. पुणेकरांना ते परके वाटायला नको. कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, पुढे टाटांच्या भागीदारीत याच बी-मालिकेची इंजिने जमशेदपूरला बनू लागली आणि टाटांच्या मालट्रकांत बसली. टाटा कमिन्सचा कारखाना आता साताऱ्यातल्या फलटणलाही आहे. ज्या घराण्याचे इंजिन आपल्याकडे घाटात ऊस आणि सिमेंट ओढत होते, त्याच घराण्याचे इंजिन टेक्ससमधल्या शेतकऱ्याने घरच्या गाडीत घातले.

मग आकड्यांची शर्यत लागली. २०१९च्या रॅमने पिकअपमध्ये पहिल्यांदा १,००० पौंड-फूट टॉर्क गाठला आणि ३५,१०० पौंड ओढण्याचा दावा केला. फोर्डच्या २०२३च्या पिढीत ५०० अश्वशक्ती, १,२०० पौंड-फूट आणि एफ-४५०ची ४०,००० पौंडांची, म्हणजे अठरा टनांची मजल. पाठोपाठ गरम-गार होणारी चामड्याची आसने आणि केबिनमध्ये शहरी मोटारीची शांतता आली. भारी रूपातली गाडी आता एक लाख डॉलरच्या पुढे जाते. एवढी किंमत मोजलेली वस्तू वर्षातले दहा महिने अंगणात उभी ठेवणे कोणाला परवडेल?

टेक्सस-ओक्लाहोमातले गुरेवाले, घोडे घेऊन स्पर्धांना जाणारी कुटुंबे, हौद्यात वेल्डिंगचे यंत्र बसवून पाइपलाइनच्या कामांवर हिंडणारे वेल्डर, छोटे-मोठे सामान लांबवर पोचवणारे ‘हॉटशॉट’ चालक यांना या गाडीबद्दल काही समजावून सांगावे लागत नाही. खरी गंमत आहे ती घर विकून चाकांवरच्या घरात राहायला गेलेल्या निवृत्तांची. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात किंवा टेक्ससच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रान्देच्या खोऱ्यात त्यांचे तळ पडतात. घर एका जागी महिना-दोन महिने उभे राहते. ते हलवणारी ड्युअली मात्र रोज बाहेर पडते, कारण दुसरी गाडी न्यायची कशी? नवरा-बायको दोघेच, डझनभर अंडी आणायची आहेत, आणि त्यासाठी सहा टायर फिरतात. तिला रोजची गाडी म्हणून कोणी निवडलेले नसते. जवळ तीच एक असते.

रोजच्या वापरातला पहिला शत्रू म्हणजे पार्किंग. अमेरिकेतला नेहमीचा कप्पा साधारण नऊ फूट रुंद आणि अठरा फूट लांब. आठ फुटी गाडी त्यात घातली की दोन्हीकडे सहा-सहा इंच उरतात आणि नाक किंवा शेपूट चार फूट बाहेर. म्हणून ड्युअलीवाला दुकानाच्या दारापासून सर्वांत लांबचा कोपरा पकडतो, एकापाठोपाठच्या दोन कप्प्यांत गाडी घुसवतो आणि उरलेले अंतर चालतो. (डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्यांनी याचा विचार करावा.) खिडकीतून कॉफी किंवा बर्गर देणाऱ्या दुकानाच्या वळणदार बोळात पुढचे चाक नीट जाते आणि मागचा बाहेरचा टायर कठड्यावर चढतो. चालक आरशात पाहायला शिकतो तो याच ठिकाणी. यांत्रिक धुलाई केंद्रांत चाकाला ओढून नेणारी पट्टी एकेरी चाकाच्या मापाची असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ड्युअली दारातूनच परत पाठवली जाते. घराच्या गॅरेजचे एका गाडीचे दार आठ किंवा नऊ फुटांचे असते. आरसे मिटून आत गेली तरी बावीस फूट लांबीपुढे मागची भिंत आडवी येते.

न्यूयॉर्कच्या बाजूला गेले तर टोलही अंगावर येतो. हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल किंवा लिंकन बोगदा सांभाळणारी पोर्ट ऑथॉरिटी गाड्यांची वर्गवारी करताना दोन एक्सलच्या गाडीची मागची चाके एकेरी आहेत की दुहेरी ते पाहते. दुहेरी असली की वर्ग ट्रकचा.

टायरांचे प्रकरण वेगळेच. आपल्याकडे धाब्यावर ट्रक थांबला की क्लीनर लोखंडी पहार घेऊन मागच्या टायरांवर ठोकत फिरतो. आवाजावरून आतल्या टायरची हवा त्याला कळते. अमेरिकन ट्रकवालेही त्यासाठी दांडके बाळगतात. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचवायला बाहेरच्या रिंगच्या भोकातून बोटे घालावी लागतात, म्हणून अनेक जण नळीची लांबण लावून घेतात. दोघांपैकी एकाची हवा कमी झाली की दुसऱ्यावर त्याचा बोजा येतो आणि तोही तापून जातो. खडीच्या रस्त्यावर दोन टायरांमध्ये दगड अडकतो. तो वेळेवर काढला नाही तर दोन्ही टायर कापतो. आणि बदलायची वेळ आली की बिल सहाचे.

रिकामी ड्युअली चालवणे हे तर या गाडीचे सर्वांत कमी सांगितले जाणारे दुखणे. मागचे पाटे तीन टन पेलायला बनवलेले. हौद्यात फक्त किराण्याच्या पिशव्या असल्या की प्रत्येक खड्ड्यावर मागची बाजू उडते. तेच हलके वजन चार टायरांवर वाटले गेल्याने बर्फात आणि ओल्या गवतात पकड वाढण्याऐवजी घटते. अडकलेली ड्युअली लहान पिकअपने ओढून काढावी लागते, आणि ओढणारा ते वर्षभर सांगत फिरतो.

इंजिनालाही रोजचे छोटे फेरे मानवत नाहीत. २००७च्या प्रदूषण-नियमांनंतर डिझेल पिकअपच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी आली. ती भरली की गाडी आपोआप तापमान वाढवून काजळी जाळते, पण त्यासाठी हमरस्त्यावरची सलग धाव लागते. दोन मैलांवरच्या शाळेत मुलाला सोडून परत येणाऱ्या गाडीत हे जाळणे अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. वैतागलेले काही मालक ही गाळणीच काढून टाकतात, जे उघड बेकायदा आहे. कारखानेही धुतल्या तांदळाचे नाहीत. रॅम २५०० आणि ३५००च्या लाखो इंजिनांत प्रदूषण-चाचणीला चकवणारी यंत्रणा बसवल्याच्या आरोपावरून कमिन्सने १६७.५ कोटी डॉलर दंड भरायचे कबूल केले. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालचा हा आजवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड.

तेल किती पिते? ट्रेलर नसताना गॅलनला पंधरा मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटर. जड ट्रेलर लावला की दहाच्या आसपास. शोरूममध्ये मात्र हा आकडा काचेवर चिकटवलेला सापडणार नाही. भारासह ८,५०० पौंडांहून जास्त क्षमतेच्या पिकअपला मायलेजची चिठ्ठी लावण्याची सक्तीच नाही. सगळीकडे हा असा मधलाच कारभार आहे. मायलेजच्या बाबतीत कायदा तिला ट्रक मानतो आणि सोडून देतो. करात धंद्याची गाडी म्हणून भरघोस वजावट मिळते. सहा फूट किंवा त्याहून लांब हौदा असला तर मोठ्या एसयूव्हींवरची मर्यादाही तिला लागत नाही. परवान्याच्या बाबतीत ती पुन्हा मोटार होते: साध्या परवान्यावर अठरा वर्षांचा मुलगा ती चालवू शकतो. जड ट्रेलर लावून एकूण क्षमता २६,००० पौंडांच्या वर गेली, तर टेक्ससमध्ये खासगी वापरालाही वेगळा परवाना लागतो. पण गावात फिरताना तसे काही नाही.

पिकअप ही ट्रक की घरची गाडी, हा वाद शेजाऱ्यांनीही आपापल्या परीने लढवला आहे. फ्लोरिडातल्या कोरल गेबल्स या देखण्या उपनगरात घरासमोर उघड्यावर रात्री पिकअप उभी करायला कित्येक दशके बंदी होती. प्रकरण कोर्टात गेले, कोर्टाने नियम उचलून धरला, आणि अखेर २०१२ साली मतदारांनी तो सैल केला.

मालकाची गैरसोय हा मालकाचा प्रश्न. रस्त्यावरच्या इतरांचा प्रश्न गंभीर आहे. या वर्गातल्या गाड्यांची बॉनेट प्रचंड उंच असते. २०१७च्या फोर्ड एफ-२५०ची ५५ इंच मोजली गेली, म्हणजे कित्येक सेडान मोटारींच्या टपाइतकी. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३मध्ये दाखवून दिले, की ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. ट्रेलर ओढायला मोठे रेडिएटर लागते, ते मान्य. शाळेच्या फाटकासमोर ते रेडिएटर मुलांच्या डोक्याच्या उंचीवर असते, हेही मान्य करायला हवे.

म्हणून विकत घेण्यापूर्वीचा हिशेब महत्त्वाचा, आणि तो जाहिरातीतल्या ४०,००० पौंडांवरून करायचा नसतो. आता एकेरी चाकांच्या पिकअपही २०,००० पौंडांच्या पुढे ओढतात; त्या कमी पडतात त्या पाठीवरच्या वजनात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर त्या विशिष्ट गाडीत माणसे आणि सामान मिळून किती पौंड घालता येतील याची चिठ्ठी असते. त्या आकड्यातून ट्रेलरचा पाठीवरचा भार, जोडणीचे लोखंड, माणसे, कुत्रा आणि अवजारे वजा करायची. बाकी शिल्लक राहिली, तर दोन टायरांचे पैसे वाचले. उणे आली, तर दूरच्या कोपऱ्यातली पार्किंगची जागा आतापासून हेरून ठेवायची.