आज्ञार्थ आणि आदर : आभासी उड्डाणातील संभाषणाविषयी

मुंबईहून नागपूरकडे नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून जाते. या आकाशात संगणकावरची विमानेही उडविता येतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या व्हॅटसिम या जागतिक जाळ्यावर एक हौशी सभासद घरी बसून विमान चालवितो, दुसरा हवाई वाहतूक नियंत्रक होऊन त्याला आवाजाने किंवा लेखी आज्ञा देतो. दोघेही विनावेतन, भाषा मात्र खऱ्या आकाशातली, म्हणजे प्रामुख्याने ठरीव इंग्रजी. मराठी भाषकास या संभाषणात प्रथम जाणवते ते आज्ञार्थाचे उघडेपण.

मराठीत आज्ञा करताना बोलणाऱ्यास नात्याचा निर्णय करावाच लागतो. ‘थांब’, ‘थांबा’, ‘थांबावे’ यांतून एक रूप निवडल्यावाचून वाक्यच होत नाही. वऱ्हाडी बोलीत त्यावर आणखी ‘जी’ येतो : ‘थांबा जी’. (हा ‘जी’ फार जुना, लीळाचरित्रातील भक्तजन श्रीचक्रधरांशी बोलताना तो सढळपणे वापरतात, आणि त्या ग्रंथात लोणारही येते.) नियंत्रकाच्या ‘क्लाइंब’, ‘टर्न लेफ्ट’, ‘होल्ड पोझिशन’ या रूपांत ही सोय नाही. नवशिक्यास आणि मुरलेल्या वैमानिकास एकच रूप. शिवाय एक जण बोलत असता त्या फ्रिक्वेन्सीवरील इतरांना गप्प राहावे लागते, म्हणून लांबलचक आभार म्हणजे दुसऱ्याच्या वेळावर अतिक्रमण ठरते.

तथापि आदर नाहीसा झालेला नाही. नियंत्रकाच्या क्षेत्रात शिरलेल्या, परंतु अद्याप त्याच्या फ्रिक्वेन्सीवर न आलेल्या वैमानिकास जो लेखी निरोप जातो, त्यात बहुधा ‘प्लीज’ असते. वैमानिक फ्रिक्वेन्सीवर येताच तो शब्द गळतो. उंबरठ्याबाहेर असेपर्यंत तो पाहुणा असतो. आत आल्यावर घरचा होतो. खऱ्या नियंत्रकामागे कायदा उभा असतो, येथे केवळ संमती व संस्थेचे नियम. म्हणूनच सभासदांनी परस्परांशी सौजन्याने वागावे, असे या जाळ्याची आचारसंहिता प्रारंभीच बजावते. तिचा आणखी एक नियम मोठा उद्बोधक आहे. वैमानिकाने काल्पनिक संकट जाहीर केले आणि नियंत्रकाने ते आवरण्यास सांगितले, तर ते तत्काळ आवरावे, नाहीतर जाळ्यावरून बाहेर पडावे. खऱ्या आकाशात असे सांगण्याची कल्पनाही करवत नाही. तेथे संकटग्रस्तास अग्रक्रम असतो. येथे प्राण कोणाचेच पणाला लागलेले नसतात. जपावयाची असते ती दुसऱ्याची संध्याकाळ.

मराठी भाषकाची खरी अडचण मात्र आज्ञेत नसून होकारात आहे. ‘रॉजर’ म्हणजे निरोप पूर्ण पोहोचला, एवढेच. ‘विल्को’ म्हणजे समजले व त्याप्रमाणे करतो. ‘अफर्म’ म्हणजे होय. आपल्या ‘हो’मध्ये हे तिन्ही अर्थ नांदतात, आणि ‘हो जी’मध्ये चौथाही : समजले नाही, पण आपला मान राखतो. हा चौथा अर्थ ओट्यावर निरुपद्रवी असतो, धावपट्टीवर नव्हे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे दोन विमानांच्या टकरीत ५८३ माणसे दगावली. त्या अपघाताच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे उड्डाणास निघालेल्या विमानाच्या संदिग्ध वाक्यावर नियंत्रकाने उच्चारलेले ‘ओके’. त्यापुढे थांबण्याची सूचनाही होती, परंतु त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून कोणी बोलल्याने ती नीट ऐकू गेली नाही. पुढे ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना अथवा ती मागे घेतानाच वापरावा, असा दंडक पडला.

म्हणून उंची, धावपट्टी यांसारखी आज्ञेतील महत्त्वाची अंगे वैमानिकाने पुन्हा उच्चारून दाखवावयाची असतात. नुसत्या ‘रॉजर, सर’ने भागत नाही, नियंत्रक रीडबॅक मागतो, आणि न कळल्यास ‘से अगेन’ म्हणणे मुळीच कमीपणाचे मानले जात नाही. मात्र भारतीय उच्चारणात रीडबॅकच्या शेवटी येणारे ते ‘सर’ कोणत्याही प्रमाणित परिभाषेत नाही. ते जेथे बसते, ती वाक्यातली जागा वऱ्हाडीतल्या ‘जी’ची आहे.